कोंडाबाईंच्या धाब्यावरची माती

कुर्डुवाडीला मोठी गाडी सोडून मी बार्शीच्या छोट्या गाडीत बसले तेव्हा वैशाखाचे ऊन डब्याच्या पत्र्यावर तापत होते आणि माझ्या पिशवीत कापडी थैल्यांची एक गुंडाळी होती. सगळ्या थैल्या रिकाम्या. समोरच्या बाईने त्या पाहिल्या आणि विचारले, "काय विकाय निघालीस गं?"

"विकायला नाही. माती आणायला निघाले आहे."

तिने माझ्याकडे नीट पाहिले, मांडीवरचे गाठोडे उचलले आणि खिडकीकडे सरकून बसली. 

मातीची हकीकत अशी. उन्हाळ्याच्या आधी आमच्या सोलापूरच्या कॉलेजात फळ्यावर एक कागद लागला होता: बी. ए. ऑनर्सच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रवास निधी. त्या कागदापुढे मी एकटीच उभी होते. मुलांना वाटले, असले काही पुण्या-मुंबईच्या हुशार पोरांसाठी असते. तसे नसते. ज्याला एखाद्या गोष्टीविषयी खरोखर प्रश्न पडला आहे आणि त्याचे उत्तर वाचनालयात सापडत नाही, त्या कोणालाही अर्ज करता येतो. प्राध्यापकांची सही लागते आणि कुठे जाणार, काय पाहणार, कोणाच्या घरी उतरणार, हे सांगावे लागते. प्रवास, राहणे, कागद, फोटोची फिल्म यांचा खर्च निधी देतो. मजुरी देत नाही, आणि वाटेत कोणाला मदत करावी लागली तर तीही देत नाही.

हा निधी एका जिनिंग मिलच्या मालकाने वडिलांच्या नावे ठेवला आहे. त्याच मिलच्या मजुरांसाठी मी आदल्या वर्षी पत्रक लिहिले होते आणि ते आमच्याच छापखान्यात छापले होते. वडील म्हणाले, "त्याच्या पैशाने जाणार?" मी म्हणाले, "पैसा मजुरांच्या घामाचा आहे. तो खेड्यात परत गेला तर बिघडले कुठे?" वडील हसले नाहीत. निझामी राजवटीविरुद्धची पत्रके छापून ती रातोरात हद्दीपार पाठवणारा माणूस सहजासहजी हसत नाही.

माझा विषय होता पांढरी. मराठवाड्यात जुन्या, उजाड झालेल्या वस्तीच्या टेकाडाला पांढरी म्हणतात. शेकडो वर्षांची राख, पडलेल्या भिंती, चुली, सगळे मिळून तिथली माती पांढुरकी आणि मऊ झालेली असते. ती पाणी धरत नाही. म्हणून लोक ती खणून आपल्या धाब्यावर (मातीच्या सपाट छपरावर) पसरतात. म्हणजे मेलेले गाव जिवंत गावाच्या डोक्यावर असते. हे मी मुलाखतीत सांगितले तेव्हा निधीच्या मंडळातले एक वृद्ध सभासद खुर्चीत ताठ झाले. निधी मंजूर झाला. अट एवढीच, की धाब्यांवरच्या मातीचे नमुने आणायचे आणि प्रत्येक थैलीवर गावाचे व घरधन्याचे नाव लिहायचे. काम पसंत पडले तर पुढच्या वर्षी एम. ए. ला शिष्यवृत्ती.

बार्शीनंतर गाडी हळू झाली. पांगरी मागे पडली. एका ठिकाणी रुळांपासून थोड्या अंतरावर बिनछपराची दगडी खोली दिसली. शेजारच्या म्हाताऱ्याने हनुवटीने दाखवली. "करोडगिरीचा नाका. (निझामाच्या वेळची जकात.) इथं झडती व्हायची."

"आता काय आहे तिथे?"

"काय न्हाय. पर बैलं अजून थांबत्यात."

मला ते खरे वाटले नाही. पण रुळांच्या कडेच्या वाटेने एक बैलगाडी चालली होती. ती त्या खोलीपाशी आली आणि थांबली. गाडीवान हातवारे करत होता, बैल हलत नव्हते. पुढे वळण आले आणि मला काही दिसले नाही.

येडशीच्या घाटात इंजिन धापा टाकत चढले. तेरला उतरले तेव्हा माझ्याबरोबर कोणीच उतरले नाही. ज्यांच्या घरी मी उतरणार होते ते दाजीबा मला न्यायला दुपार कलल्यावर येणार होते, म्हणून मी गावात जाऊन जुने विटांचे देऊळ पाहिले. अंगणात एक गुरवीण झाडत होती. मी भिंतीवर हात फिरवते आहे असे पाहून तिने कोपऱ्यातली एक सुटी वीट उचलून माझ्या हातात दिली. वीट हातात आली आणि माझा हातच वर गेला, इतकी ती हलकी होती.

"टाक पान्यात," ती म्हणाली.

हंड्यात टाकली. वीट खाली गेली नाही. पाण्यावर राहिली आणि आपली आपण हळूहळू फिरू लागली.

"बुडत नाही?"

"बुडायचं इसरली ती," गुरवीण म्हणाली आणि पुन्हा झाडू लागली.

विटेत भाताचा कोंडा घालून भाजत असतील, कोंडा जळून पोकळ्या राहत असतील, हे मला तिथेच उमगले. तरी ती वीट पाण्यावर फिरत होती तोवर मला देवळातून निघता आले नाही.

दाजीबा गाडी घेऊन आले. पस्तिशीचे, ग्रामपंचायतीचे पंच, डोक्याला पटका, बोलणे मोजके. त्यांच्या गावचे नाव मी लिहीत नाही. तसा शब्द मी त्यांना दिला आहे. तेरणेच्या काठाने थोडे गेले की ते लागते, एवढे पुरे.

गाव आधी ऐकू आले. धप्, धप्, धप्. गाडी वळणावरून बाहेर आली आणि सगळी धाबी एकदम दिसली. प्रत्येक धाब्यावर बायका ओणव्या होऊन नवी माती चोपण्यांनी (लाकडी थापट्यांनी) बसवत होत्या. पावसाळ्याआधीचे हे दरवर्षीचे काम. जुनी झिजलेली माती खरवडून खाली ओढायची आणि नवी पांढरी घालायची. उन्हात ती धाबी इतकी पांढरी दिसत होती की डोळे मिटावे लागत. आमची गाडी वेशीत शिरली आणि चोपणी थांबली. सगळ्याजणी वरून आमच्याकडे बघत राहिल्या. गाडी पुढे गेली की मागे पुन्हा धप्, धप् सुरू होई.

गल्लीच्या टोकाला एकच धाबे काळे होते. त्यावर वाळके गवत उभे होते. कडेला मातीचा थर एवढा जाड की भिंतीहून छपरच मोठे वाटावे. मधे ते खाली झुकलेले होते.

"हे कोणाचे?"

दाजीबांनी बैलांच्या पाठीवर हात ठेवला. "चुलतीचं. आज जेवा, उद्या सांगतो."

पण त्यांनी जेवतानाच सांगितले. पानात भाकरी, शेंगांची चटणी आणि सांडग्यांची आमटी होती. दाजीबा ताटावरून उठलेच नाहीत, हात तसाच वाळू दिला.

"ताई, तुमी कालेजच्या. तुमचं ऐकंल ती. तिची तुळई औंदा तडकलीया. पाऊस पडला का माती भिजती, भिजली का दुप्पट जड. यंदाच्या पावसात त्ये घर बसतंय, आन् ती आत असतीया. बाहेर निजत न्हाय, आमच्याकडं येत न्हाय. माती उतरू देत न्हाय. इतकी सालं झाली, नुसती वरनं घालाय लावती, खालची हलवू देत न्हाय."

"का?"

दाजीबांची बायको माजघरातून म्हणाली, "सांगा की. तुमीच टाकलीय ती."

दाजीबांनी हात धुतला आणि ते बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोंडाबाईंच्या दारात गेले. आत पाऊल टाकले आणि वाटले, आपण घरात नाही, झाडीत शिरलो. खोलीभर टेकू उभे होते. बाभळीचे, लिंबाचे, काही साल न काढलेले. तुळईखाली, सऱ्यांखाली (तुळईवरच्या आडव्या लाकडांखाली), जिथे जिथे छप्पर वाकले तिथे तिथे दर उन्हाळ्यात दाजीबांनी एकेक आणून ठोकला होता. दोन टेकूंमधून अंग चोरून जावे लागे. त्या गर्दीतून कोंडाबाई कशालाही न लागता चालत आल्या. पंचावन्नच्या पुढची, सडसडीत बाई. कपाळ मोकळे.

"ये. डोकं संबाळ," त्या म्हणाल्या आणि वर बघून म्हणाल्या, "पाव्हनी आलीया. सोलापूरची."

मी मागे पाहिले. मागे कोणी नव्हते.

त्यांनी मला हुलग्याचे माडगे दिले. चुलीवरच्या भांड्याच्या झाकणावर बारीक माती पडत होती. टिक्. थोडा वेळ काही नाही. पुन्हा टिक्. प्रत्येक वेळी त्या बोलता बोलता थांबत आणि "हं" म्हणत. आपण दुसऱ्या खोलीतल्या माणसाला म्हणतो तसे.

"मावशी, वर कोण आहे?" मी विचारले.

"लेकरू हाय. भानुदास."

मग मी बोलले. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. बोलणे मला येते. माणूस मेल्यावर मातीत राहत नाही, छप्पर पडले तर जिवंत माणूस मरतो, मेलेल्यासाठी जित्याने मरणे हा अन्याय आहे, असे सगळे मी पोटतिडकीने सांगितले. कोंडाबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले. वरून माती पडली तेव्हाही या वेळी त्या "हं" म्हणाल्या नाहीत.

"लई शिकलीस," त्या म्हणाल्या. "मग मला एक सांग. तुमच्या कालेजात मातीतनं मानूस येगळा काढता येतो का? हे माझं, हे पांढरीचं, असं?"

हो म्हणता आले असते. नमुना नेते, तपासून सांगते, असे म्हणाले असते तर त्यांनी कदाचित माती उतरवू दिली असती. पण ते खरे नव्हते.

"नाही," मी म्हणाले. "नाही काढता येत."

"मंग मी कसा काढू?" त्यांनी माझ्या हातातले भांडे घेतले. "आनी वाढू का?"

तिथून मी निघाले ती इमामचाचांकडे. दाजीबांच्या बायकोनेच सांगितले होते, की खरे ऐकायचे असेल तर पिंजाऱ्याकडे जा. चाचांचे घर गावाच्या कडेला होते. ते कापूस पिंजत बसले होते. त्यांच्या धनुकलीचा आवाज घुमत होता आणि हवेत कापसाचे तंतू उडत होते. माझे नाव सांगितल्यावर त्यांनी धनुकली भिंतीला टेकवली, मला चहा दिला आणि म्हणाले, "चल बेटी, जागा दाखवतो. हितं बसून सांगता येत न्हाय."

पांढरी गावाच्या वरच्या अंगाला आहे. वर्षानुवर्षे खणून तिची एक बाजू भिंतीसारखी उभी तासली गेली आहे. त्या भिंतीत मला एकावर एक जमिनी दिसल्या, चुलींची काळी तोंडे दिसली, खापरे, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, आणि अधूनमधून हाडे. वेड्या राघूंनी त्या भिंतीत बिळे केली होती आणि वारा आला की ती बिळे हलकेच वाजत. चाचांनी वहाणा काढल्या. मीही काढल्या. ते एका खोलगट जागेपासून जरा दूर उभे राहिले.

त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे. रझाकारीच्या साली गावच्या बायका-मुलांना बार्शीकडच्या छावणीत पाठवले होते. भानुदासला नुकते मिसरूड फुटले होते. तो बैलांसाठी मागे राहिला. एक टोळी आली. ओढ्याकाठी त्याला मारले. सरण रचले असते तर धूर लांबून दिसला असता, म्हणून चाचांनी आणि एका म्हाताऱ्याने त्याला इथे आणले आणि मऊ मातीत हातांनी पुरले.

"म्हातारा त्याच साली गेला," चाचा म्हणाले. "मला वाटलं, गाव परत आलं की सांगीन कोंडाभाबीला. पन मग पोलिस ॲक्शन झाली. मग दुसरे दिवस आले. आमच्यावरचे. माझा धाकटा भाऊ त्या ओढ्याकाठीच ग्येला बेटी. त्याच ओढ्याकाठी. मी पोरंबाळं घेऊन गुलबर्ग्याकडं पळालो."

चाचा पळाले आणि छावणीतले लोक परत आले. कोंडाबाईंचे घर जळाले होते. मुलगा सापडत नव्हता. पुतण्या दाजीबाने ठरवले, आधी चुलतीच्या डोक्यावर छप्पर घालू. तो टोपले घेऊन पांढरीवर आला. सगळी पांढरी उन्हाने टणक झाली होती. एके ठिकाणी मात्र माती मऊ लागली. त्याने तिथे खणले. हाडे निघाली असतील तर त्याने पाहिली नसतील, कारण पांढरीत हाडे निघतातच. जुन्या लोकांची. त्यांच्याकडे इथे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही.

वर्षाने चाचा परत आले. गावाला घेऊन जागा दाखवायला आले, तर जागेवर खड्डा होता.

मला राग अनावर झाला. "नावे सांगा," मी म्हणाले. "त्या टोळीतल्या माणसांची नावे सांगा. मी छापते. आमचा छापखाना आहे."

"कोन कुठं ग्येलं, काय म्हाईत," चाचा म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "छापशील तर दोनी छाप. भानुदासाचं छाप आन् माझ्या भावाचं छाप. तुमच्या कागदात माझ्या भावाचं कुटं आलं व्हतं का?"

आमच्या घरी त्या काळातली पत्रके गठ्ठ्यांनी आहेत. मी ती सगळी वाचली आहेत, काही पाठ आहेत. त्यांत एक ओळही नव्हती. मी तसे सांगितले. चाचांनी मान हलवली, जणू त्यांना ते माहीतच होते, आणि वहाणा घातल्या. मागे बिळांतून वारा वाजत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाजीबा म्हणाले, "ताई, एक काम करा. आमच्या धाब्यावरनं तिच्या धाब्यावर जाता येतं. तडकलेल्या तुळईवर माती किती दबलीया, बघून या. आमी ग्येलो तर आमच्या वजनानं बसंल. तुमी हलक्या."

भर दुपार होती. चोपणी थांबली होती. गावात माणूस दिसत नव्हते, कुत्रेदेखील नाही. मी चप्पल काढून पलीकडे पाय टाकला. माती तापलेली, पण मऊ. पाऊल घोट्यापर्यंत आत गेले. मला वाटले होते, वर्षांनुवर्षे घातलेली माती चोपून चोपून घट्ट झालेली असेल. तिला कोणी चोपलेच नव्हते. वाळके गवत पोटऱ्यांना लागत होते. मधल्या उतारावर सवणे (उजेडासाठी ठेवलेले भोक) होते. त्याच्यापाशी मी पोचले आणि खाली लाकूड कुरकुरले.

मी थांबले.

"कोन हाय वर?" सवण्यातून आवाज आला.

उत्तर द्यायला मी तोंड उघडले. त्याआधीच आवाज पुन्हा आला, पण आता हळू, अगदी जवळून, जणू कोंडाबाई सवण्याच्या खाली येऊन उभ्या होत्या.

"भानुदासा? चालाय लागलास व्हय रं?"

 उन्हात माझी सावली सवण्यातून आत पडली होती. ती त्यांना दिसत असणार. मी मागेही सरू शकत नव्हते, माती सरकत होती.

"दमलास का?" आवाज म्हणाला. आणि मग, "उतरायचंय का तुला?"

मी हलले नाही. शपथेवर सांगते, हलले नाही. पण माझ्या पायाखालून माती सुटली आणि ओंजळभर तरी सवण्यातून खाली गेली. ती जमिनीवर पडल्याचा आवाज मला आला. 

मी परत फिरले, दाजीबांच्या जिन्याने उतरले आणि धावत कोंडाबाईंच्या दारात गेले. त्या टेकूंच्या मधे उभ्या होत्या. पायाशी मातीचा लहानसा ढीग होता.

"मावशी, वर मी होते," मी म्हणाले. "भानुदास नव्हता. मी होते. माझा पाय सरकला."

"तूच व्हतीस, ठावं हाय मला. त्याचा पाय लई जड पडायचा." त्या खाली वाकून माती पदरात भरू लागल्या. "पर इचारलं म्या त्याला. आन् माती पडली. एवढ्या सालांत म्या कधी इचारलंच नव्हतं बघ, उतरायचंय का म्हनून. म्याच ठिवून घ्येतला." त्या उठल्या. "दाज्याला सांग, पाट्या आन."

माती दुसऱ्या सकाळी उतरली. कोंडाबाईंनी तीन गोष्टी बजावल्या. उकिरड्यावर एक कणही जायचा नाही. सगळी परत पांढरीवर, त्याच खड्ड्यात. आणि कोणी चाळायची नाही.

शेवटचे माझ्याकडे बघून म्हणाल्या. मी चाळणी आणली होती, ती त्यांनी पाहिली होती.

गाव आले. ज्या घरांची धाबी अर्धी झाली होती त्यांनीही काम टाकले. वरून पाट्या हातोहात खाली येत, गल्लीतून, वेशीतून, पांढरीपर्यंत.  सकाळ चढली तेव्हा मी दारात उभी होते. घर रिकामे होते, कोंडाबाई पांढरीवर होत्या. आतून आवाज आला. कुठला तरी टेकू कुरकुरला आणि पडला. मला वाटले, झाले, छप्पर बसते आहे. मी ओरडले. दाजीबा वरून उडी मारून खाली आले. आम्ही दोघे दारातून पाहत राहिलो. आत कोणी नव्हते आणि दुसरा टेकू हलला, जरासा फिरला, आडवा झाला. मग तिसरा. ओझे कमी होत होते तशी वाकलेली लाकडे वर उठत होती आणि त्यांच्याखालचे टेकू मोकळे होऊन एकेक करून जमिनीवर निजत होते. याचे कारण मला समजत होते. तरी माझ्या अंगावर काटा आला तो तसाच राहिला. दाजीबांनी पटका काढून तोंडावर धरला. ते रडत होते.

पांढरीवर कोंडाबाई आणि इमामचाचा खड्ड्याच्या दोन कडांना उभे होते. पहिली पाटी आली तेव्हा कोंडाबाईंनी ती घेतली नाही.

"इमामभाऊ, तुमी टाका," त्या म्हणाल्या. "तुमीच ठिवला व्हता."

चाचांनी पाटी हातात घेतली. "माझ्या हातानं चालंल?"

"तवा चाललं नव्हतं व्हय?"

त्यांनी माती सोडली. त्यांचे ओठ हलत होते. पुढच्या पाट्या सगळ्यांनी टाकल्या. मीही टाकली. पायाशी पांढरी माती सांडत होती आणि त्यात खापरे होती, मणी होते, बारीक पांढरे तुकडे होते. ते कशाचे, हे मी वाकून पाहिले असते तर मला सांगता आले असते. तेवढे मी शिकले आहे. खड्डा भरत आला तेव्हा कोंडाबाई माझ्यापाशी आल्या.

"तुला न्यायची व्हती न्हवं? घे मूठभर."

मी थैली काढली. "तुम्हाला चालेल का मावशी?"

"न्हाय चालायचं," त्या म्हणाल्या. "पर तू कामाला आलीयास."

मी रिकाम्याच थैलीचे तोंड आवळले आणि ती पिशवीत टाकली.

निघायच्या सकाळी त्यांच्याकडे गेले. नवी माती अजून पडायची होती. सऱ्यांमधून आभाळाच्या पट्ट्या दिसत होत्या आणि उन्हाच्या पट्ट्या जमिनीवर पडल्या होत्या. टेकू बाहेर रचून ठेवले होते. मोकळ्या खोलीत कोंडाबाई अजूनही अंग चोरून, वळणे घेत चालत होत्या.

"घर लई हलकं झालं गं," त्या म्हणाल्या. "वाऱ्यानं जाईल असं वाटतंय."

वाटेत आणखी काही गावांतली माती घेऊन सोलापूरला आले आणि मंडळापुढे उभी राहिले. निबंधात मी बाकी सगळे लिहिले होते: पांढरी कशी खणतात, कशी चोपतात, दर साली किती टेकाड कमी होते, आणि माणसे आपल्या डोक्यावर काय घेऊन राहतात. ते वृद्ध सभासद थैल्या एकेक चाचपून पाहत होते. दुसऱ्या गावांतल्या थैल्या भरलेल्या होत्या. एक रिकामी होती, तिच्यावर नाव नव्हते; तिची हकीकत मी तोंडी सांगितली.

"त्या मातीत अस्थी होत्या की नव्हत्या, एवढे तरी सांगाल?"

"मला माहीत नाही."

"तुम्हाला चाळता आली असती."

"हो."

"मग बाई, निधीच्या पैशाने तुम्ही तिथे गेलात कशासाठी?"

प्रश्न रास्त होता. मला त्यांचा राग आला नाही, आणि राग मला लवकर येतो. शिष्यवृत्ती दुसऱ्या मुलाला मिळाली. चांगला मुलगा आहे. मी आता शाळेत शिकवते आणि दोन्ही मृत्यूंचे पत्रक वडिलांनी स्वतः जुळवून छापले आहे, गावाच्या नावाशिवाय. कॉलेजातल्या मुलामुलींना मात्र मी सांगेन, की फळ्यावर तो कागद लागला की अर्ज करा. ते पैसे तुमच्यासाठी आहेत. नाकारू नका, लाजू नका. फक्त निघण्यापूर्वी हे जाणून घ्या, की तुम्ही जे विचारायला जाता त्याचे उत्तर समोरच्या माणसाच्या डोक्यावर असू शकते, आणि ते खाली काढले तर ते तुमचे राहत नाही.

पावसाळ्यात दाजीबा बी-बियाण्यासाठी सोलापूरला आले तेव्हा छापखान्यात डोकावले. पाऊस मोठा झाला होता. गावातल्या काही भिंती बसल्या होत्या.

"आणि कोंडामावशींचे घर?"

"उभं हाय की. थेंब गळत न्हाय. चुलती आतच असती." ते छत्री झटकत राहिले. "वर बघून बोलायची, ते बंद झालं. आता नुसती ऐकती. पाऊस लागला का मधोमध बसती, मान वर करून."

"काय ऐकतात?"

"म्याबी इचारलं. म्हनली, काय न्हाय. मंग म्हनली, गप रं दाज्या, काय न्हाय तेच ऐकतीया."